बालकांतील ‘टॉक्सिक शॉक’ : घशातल्या जंतूचे रौद्र रूप

घसा दुखणे, ताप येणे, गुडघा खरचटणे यांविना कोणाचेही बालपण सरत नाही. ही दुखणी बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप वा किरकोळ औषधाने बरी होतात आणि विसरली जातात. मात्र याच घशात आणि याच जखमेत वास्तव्य करणारा एक जंतू क्वचित प्रसंगी रक्तात, स्नायूंत किंवा फुप्फुसाच्या आवरणात शिरतो आणि कालपर्यंत हुंदडणाऱ्या मुलाला एक-दोन दिवसांत मृत्यूच्या दारात नेऊन उभे करतो. वैद्यकशास्त्रात या जंतूला ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ अथवा ‘समूह अ स्ट्रेप्टोकोकस’ म्हणतात. त्याच्या या स्वारीला ‘आक्रमक संसर्ग’ आणि त्यातील सर्वांत भीषण अवस्थेला ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’, म्हणजे विषामुळे रक्ताभिसरण कोसळण्याची अवस्था, अशी संज्ञा आहे.

हा आजार दुर्मिळ आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तापाने फणफणलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी धास्तावण्याचे कारण नाही. तरीही त्याची माहिती असणे अगत्याचे आहे, कारण त्याचा प्रारंभ अगदी साध्या दुखण्यासारखा असतो आणि उपचाराची वेळ तासांत मोजावी लागते. पुण्या-मुंबईत हे तास रुग्णालयाच्या दारात जातात. आंबेगाव तालुक्यातील तळेघरसारख्या गावात ते रस्त्यावर जातात.

जुनी ओळख, नवे नाव

या जंतूचा इतिहास शस्त्रक्रिया आणि बाळंतपण यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये विसर्प व दूषित जखमा यांमध्ये साखळीसारखे दिसणारे सूक्ष्म जीव पाहिले आणि त्यांना ग्रीक शब्दांवरून ‘स्ट्रेप्टोकोकस’ हे नाव दिले. विसर्पाला मराठीत ‘धावरे’ असाही शब्द आहे. लाल, तापट, भराभर पसरणारी कातडीवरची सूज पाहून तो रूढ झाला असावा. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराच्या रुग्णांत हेच जंतू दाखवून दिले. १९३३ मध्ये अमेरिकेतील रिबेका लान्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकोकसची ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा समूहांत वर्गवारी केली. माणसाला सर्वाधिक उपद्रव देणारा समूह ‘अ’ ठरला.

‘टॉक्सिक शॉक’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सात मुलांच्या आजाराचे वर्णन करताना ती वापरली. त्या मुलांतील दोषी जंतू निराळा, स्टॅफिलोकोकस ऑरियस, होता. स्ट्रेप्टोकोकसही तशीच अवस्था निर्माण करतो, हे १९८७ ते १९८९ या काळातील अमेरिकी अहवालांतून पुढे आले आणि १९९३ मध्ये त्याची व्याख्या निश्चित झाली. दोन्ही प्रकारांत विषाची करणी सारखीच असली, तरी स्ट्रेप्टोकोकसच्या प्रकारात शरीरात खोलवर कोठेतरी ठणकणारे संसर्गाचे केंद्र असण्याचा आणि रक्तात जंतू सापडण्याचा संभव कितीतरी अधिक असतो.

गेल्या काही वर्षांत हा आजार पुन्हा चर्चेत आला. २०२२ च्या डिसेंबरात ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स व स्वीडन या देशांत विशेषतः दहा वर्षांखालील मुलांमध्ये आक्रमक संसर्ग वाढल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. करोनाकाळातील निर्बंधांमुळे मुलांचा या जंतूशी संबंध खंडित झाला होता आणि शाळा उघडल्यावर तो एकदम आला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ब्रिटनमध्ये ‘एम-वन-यूके’ या नावाने ओळखला जाणारा, अधिक विष निर्माण करणारा वाणही प्रबळ झालेला होता. जपानमध्ये २०२४ मध्ये २ जूनपर्यंतच ९७७ रुग्णांची नोंद झाली; आदल्या संपूर्ण वर्षाचा आकडा ९४१ होता. जपानमधील रुग्ण प्रामुख्याने प्रौढ व वृद्ध होते.

या बातम्या श्रीमंत देशांच्या असल्याने हा आजार तिकडचाच, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार आक्रमक संसर्गाचे दरवर्षी सुमारे ६ लाख ६३ हजार नवे रुग्ण आढळतात आणि त्यांपैकी १ लाख ६३ हजार दगावतात. समूह ‘अ’ स्ट्रेप्टोकोकसच्या गंभीर आजारांचा बहुतांश भार विकसनशील देशांवर आहे. आपल्याकडे रक्ताचे कल्चर न होताच प्रतिजैविक सुरू होते, कागदावर ‘सेप्सिस’ किंवा ‘तापाने मृत्यू’ एवढेच उरते आणि जंतूचे नाव कायमचे अज्ञात राहते. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या नित्याच्या यादीत डेंग्यू, गोवर, कांजिण्या आहेत. या आजाराचा स्वतंत्र रकाना नाही. जे मोजले जात नाही ते घडतही नाही, असे मानण्याची आपल्या व्यवस्थेला सवय जडलेली आहे.

शरीरात काय घडते?

शाळकरी वयाच्या शंभर निरोगी मुलांचे घसे तपासले, तर सुमारे बारांच्या घशात हा जंतू निमूटपणे बसलेला आढळतो. खोकल्या-शिंकेतून, एकाच भांड्यातून पाणी पिण्यातून, खरजेच्या वा पिकलेल्या पुळीच्या स्पर्शातून तो पसरतो. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना घसादुखी, काहींना पुळ्या, काहींना अंगावर खरखरीत लाल पुरळ आणणारा स्कार्लेट फीव्हर. वारंवार होणाऱ्या घशाच्या संसर्गानंतर काही मुलांत संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होतात, हे आपल्याकडील फार मोठे दुखणे आहे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आक्रमणासाठी जंतूला वाट लागते. ती वाट म्हणजे कातडीवरची चीर, काट्याची जखम, भाजलेली जागा, खाजवून फुटलेली खरूज आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कांजिण्यांचे फोड. कांजिण्या झालेल्या मुलात पुढील दोन आठवड्यांपर्यंत आक्रमक संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. फ्ल्यूनंतरही श्वसनमार्गाचे अस्तर सोलवटलेले असल्याने जंतूला फुप्फुसात उतरणे सोपे जाते. कधी कधी मात्र कोणतीही जखम सापडत नाही. मुका मार लागलेल्या, मुरगळलेल्या जागीच जंतू रक्तातून येऊन ठाण मांडतो. झाडावरून पडलेल्या मुलाचा पाय चौथ्या दिवशी अधिकच ठणकू लागला, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

यापुढची हानी जंतूपेक्षा त्याच्या विषाने अधिक होते. हे विष ‘सुपर-अँटिजेन’ प्रकारचे असते. नेहमीच्या संसर्गात शरीरातील संरक्षक टी-पेशींपैकी दहा हजारांत एखादीच त्या विशिष्ट शत्रूला ओळखून जागी होते. सुपर-अँटिजेन ही ओळखपरेड टाळून थेट पाचांतील एका पेशीपर्यंत साऱ्यांना एकाच वेळी चिथावतो. एका घरी चोर शिरल्याची हाकाटी व्हावी आणि अख्ख्या गावाने अंधारात काठ्या घेऊन एकमेकांवरच तुटून पडावे, तसा हा प्रकार. या पेशींतून सुटलेल्या रसायनांच्या पुरात रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे लघवी तयार करणे थांबवतात, यकृत बिघडते, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि फुप्फुसांत पाणी साचते. रक्तदाब घसरणे आणि यांपैकी किमान दोन अवयवांवर परिणाम, सोबत जंतूचा पुरावा, अशी टॉक्सिक शॉकची व्याख्या आहे. त्वचेवर उन्हाने भाजल्यासारखी लाली येणे आणि स्नायूंवरील आवरण कुजणे यांचाही तीत समावेश होतो.

ओळखायचे कसे?

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. ताप, थंडी, अंगदुखी, उलट्या आणि बऱ्याचदा जुलाब. पावसाळ्यात अशा मुलाला ‘पोट बिघडले’ किंवा ‘व्हायरल’ असे म्हटले जाते आणि दहांपैकी नऊ वेळा ते बरोबरही असते. उरलेल्या एका वेळी डेंग्यू, हिवताप, लेप्टो, स्क्रब टायफस असे अनेक संशयित रांगेत उभे असतात. निव्वळ तापाच्या आकड्यावरून यांतला भेद कळत नाही. किंबहुना ताप उतरून अंग गार पडणे हे टॉक्सिक शॉकमध्ये सुधारणेचे नव्हे, तर ढासळण्याचे लक्षण असू शकते. ‘रात्री ताप उतरला होता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो’ या विधानामागे अनेकदा हीच फसगत असते.

खरा इशारा वेदना देतात. जखम नखाएवढी, वरून जेमतेम लाल, पण मूल हात लावू देत नाही, पाय टेकत नाही, उचलून घेतले तरी किंचाळते, अशी दिसणाऱ्या जखमेच्या मानाने अतोनात असलेली वेदना हा खोलवरच्या संसर्गाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानला जातो. पायाच्या जखमेने जांघेत गाठ येते, त्याला खेड्यात ‘अवधाण आले’ म्हणतात. अवधाण नेहमीचेच, परंतु अवधाणाबरोबर लाली तासातासाला पुढे सरकत असेल, तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहून ठेवावी. तासाभरात लाली रेघेबाहेर गेली, तर थांबण्यात अर्थ नाही. पुढे त्या जागी जांभळट डाग किंवा काळसर पाण्याचे फोड आले आणि वेदना एकाएकी थांबली, तर तेथील मज्जातंतू मृत झालेले असू शकतात. वेदना थांबल्याचा आनंद मानण्याची ती वेळ नव्हे.

दुसरा इशारा रक्ताभिसरणाचा. मुलांमध्ये रक्तदाब सर्वांत शेवटी कोसळतो. तोवर हृदय वेगाने धावून तो सावरून धरते. एक ते दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा काढण्याचे सूत्र सोपे आहे : वयाची दुप्पट अधिक सत्तर. सहा वर्षांच्या मुलासाठी ती ८२ येते. परंतु हा आकडा गाठण्याआधीच, ताप असताना हातपाय मात्र थंडगार असणे, त्वचेवर संगमरवरासारखी जाळी दिसणे, श्वास जलद चालणे, आठ-दहा तास लघवी न होणे, मूल पेंगुळलेले किंवा विचित्र चिडचिडे होणे या खुणा दिसतात. छातीच्या मध्यभागी बोटाने पाच सेकंद दाबून सोडावे. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पूर्ववत गुलाबी व्हायला हवी. सावळ्या कातडीवर ही पारख नखावर वा तळहातावर करणे सोयीचे. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर मूल शॉककडे झुकले आहे असे समजावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आशा कार्यकर्ती, आश्रमशाळेचे अधीक्षक, अंगणवाडी सेविका, आजी, कोणीही हे करू शकते.

तळेघरचा रस्ता

तळेघर हे नाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे. आजार त्याच गावाचा आहे असे नव्हे. मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगाव आणि डिंभे धरण मागे टाकल्यावर डोंगरातला हा आदिवासी पट्टा लागतो. महादेव कोळी समाजाची वस्ती, पावसाळी भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे ही त्याची ओळख. आषाढ-श्रावणात येथील घरेच्या घरे भातलावणीला चिखलात उतरतात. अनवाणी पावलांना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बांधावरचे काटे रुततात, कातडी दिवसचे दिवस ओली राहते. आश्रमशाळांच्या निवासी खोल्यांत मुले खेटून झोपतात. एकाला खरूज झाली की साऱ्यांना होते. म्हणजे जंतू, त्याला हवी असलेली वाट आणि एकमेकांचा निकट सहवास, हे तिन्ही घटक येथे एकत्र येतात. शहरातल्या झोपडपट्टीतही ते येतात. फरक अंतराचा आहे.

तळेघरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढे घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तेथून पुणे-नाशिक महामार्गाने साठेक किलोमीटरवर पुणे. बालकांचा अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वास, रक्तघटक आणि मध्यरात्री शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद हे सारे एका छताखाली मिळायचे, तर बहुधा पुणे किंवा पिंपरी-चिंचवडच गाठावे लागते. एकूण प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यातला सुरुवातीचा टप्पा घाटवळणांचा आणि पावसाळ्यात दरडींच्या भीतीचा. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून १५१ जणांचे प्राण गेले, ते माळीण याच तालुक्याच्या डोंगरी भागात आहे. त्याच वर्षाच्या आरंभी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि रस्त्यावरील अनेक जीव वाचले. तथापि, रुग्णवाहिका कितीही वेगाने धावली तरी विषाचा वेग तिच्याहून अधिक असू शकतो.

म्हणूनच पहिले इंजेक्शन कोठे दिले जाते, हा या साऱ्या प्रकरणातील निर्णायक प्रश्न आहे. मुलांच्या सेप्सिसविषयीची २०२० मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, शॉकची लक्षणे असतील तर निदान झाल्यापासून एका तासात प्रतिजैविक द्यावे. शंभर किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पोहोचून हा तास पाळणे अशक्यच. गंभीर आजारी बालकाला वरच्या रुग्णालयात धाडण्यापूर्वी पहिला डोस टोचावा, असे बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचे सूत्रही आहे. सेफ्ट्रायॅक्सोनसारखे प्रतिजैविक या जंतूवर प्रभावी आहे आणि जेथे निदान अनिश्चित आहे तेथे इतर जंतूंनाही ते आवरते. डोस देण्यापूर्वी शक्य असल्यास रक्ताचा नमुना घ्यावा. पण नमुन्यासाठी डोस अडवू नये.

शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शॉक म्हटला की भराभर सलाइन, ही समजूत दृढ होती. २०११ मध्ये युगांडा, केनिया व टांझानियातील तीन हजारांहून अधिक तापकरी मुलांवरील अभ्यासाने तिला तडा दिला : अतिदक्षता विभाग नसलेल्या रुग्णालयांत झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांत मृत्यू अधिक झाले. त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अतिदक्षता उपलब्ध नसेल आणि रक्तदाब टिकून असेल, तर एकदम सलाइन ओतू नये. रक्तदाब घसरलेला असेल तर मात्र ती थोडी थोडी, दर वेळी श्वास व यकृताची सूज पाहत द्यावी. प्राथमिक केंद्रातील तरुण डॉक्टरला एकट्याने, पावसात, वीज गेलेली असताना हा निवाडा करावा लागतो. वरच्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाशी त्याला त्या क्षणी दूरध्वनीवर बोलता येणे हे एखाद्या यंत्रापेक्षा मोलाचे ठरेल.

पिंपरीचे औषध

या जंतूविषयी एक दिलासादायक गोष्ट अशी की, शतकाच्या तीन-चतुर्थांश काळाच्या वापरानंतरही पेनिसिलिन त्याच्यावर गुणकारी आहे. इतर जंतूंनी एकामागून एक औषधे निष्प्रभ केली. या जंतूचा पेनिसिलिनला प्रतिरोध आजवर प्रस्थापित झालेला नाही. पुणे जिल्ह्याला याचे विशेष अप्रूप असावे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातूनच देशातील पेनिसिलिनचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले. भोवतालचे रेल्वे स्थानक, वसाहत, उद्योगनगरी यांच्या इतिहासात त्या कारखान्याचे स्थान मोठे आहे. जवळच्या डोंगरातील मुलांच्या आयुष्यातही ते तितकेच मोठे असायला हवे होते.

पण एकट्या पेनिसिलिनवर टॉक्सिक शॉकचा भार टाकता येत नाही. ते वाढणाऱ्या जंतूची भिंत फोडते. जंतूंची गर्दी होऊन त्यांची वाढ मंदावली की त्याची धार बोथट होते. शिवाय आधीच तयार झालेले विष तसेच राहते. म्हणून जोडीला क्लिंडामायसिन दिले जाते. ते जंतूचा विष बनवण्याचा कारखानाच बंद पाडते. अत्यवस्थ मुलांत इम्युनोग्लोब्युलिनचाही विचार होतो, मात्र त्याचा खर्च प्रचंड आणि लाभाचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. कुजलेला स्नायू किंवा साचलेला पू असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. अशा वेळी ‘औषधाने बरे होईल का ते दोन दिवस पाहू’ हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो.

औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांविषयी दोन शब्द. घसा दुखला की अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन दिवसांची पट्टी घेण्याची शहरी सवय या जंतूच्या बाबतीत बेभरवशाची आहे. त्या औषधाला प्रतिरोध करणारे स्ट्रेप्टोकोकस आढळतात. खेड्यात ठणकणाऱ्या पायावर वेदनाशामक इंजेक्शन टोचले जाते. त्याने वेदना दबते आणि वर सांगितलेला सर्वांत मोलाचा इशाराच पुसला जातो. कांजिण्यांत आयब्युप्रोफेन टाळावे, अ‍ॅस्पिरिन देऊच नये. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरेसे आहे. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास सरकारने २०११ मध्येच बंदी घातलेली आहे.

या जंतूवर लस उपलब्ध नाही. त्याचे दोनशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि भारतात त्यांची विविधता युरोपपेक्षा कितीतरी जास्त आढळते. तिकडच्या उपप्रकारांवर बेतलेली लस इकडे अपुरी पडण्याची शक्यता आहे. कांजिण्यांची लस आहे, पण सरकारी लसीकरणाच्या राष्ट्रीय वेळापत्रकात तिचा समावेश नाही; खासगी दवाखान्यात ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते. तोवर खरजेवर सर्व मुलांना एकाच दिवशी मलम लावणे, पायाच्या जखमा साबण-पाण्याने धुऊन झाकणे, लावणीच्या दिवसांत रात्री पाय कोरडे करून झोपणे आणि कांजिण्यांतील मुलांची नखे कापणे हेच उपाय उरतात. ते स्वस्त आहेत म्हणून दुय्यम समजले जातात.

योग्य वेळी उपचार मिळालेली मुले या आजारातून प्रौढांच्या तुलनेत चांगली सावरतात. आठ-पंधरा दिवसांनी हातापायाच्या तळव्यांची सालपटे निघतात. ती पाहून पालक घाबरतात, पण तो आजाराचा उतार असतो. रुग्णाच्या घरातील माणसांना आणि शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्या मुलांना धोका इतरांहून अधिक असतो. त्यांच्यापैकी कोणाला प्रतिबंधक औषध द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे; मात्र पुढील तीस दिवस त्यांतील कोणालाही ताप, घसादुखी किंवा अकारण ठणकणारा हातपाय दिसला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेऊन ‘घरात अमुक आजार झाला होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.